कानाची पुडी

माझे वडील होते तोवर आमच्या दवाखान्यात त्यांना लोक डॉक्टर म्हणत आणि कंपाउंडरकाकांना अर्धे डॉक्टर. वडील गेले, त्यांच्या खुर्चीत मी बसले, त्यालाही बावीस वर्षं झाली. मला मात्र अजून ‘डॉक्टरांची मुलगी’च म्हणतात. काका अर्धे होते ते तसूभरही कमी झाले नाहीत. पेशंट आधी त्यांच्या औषधाच्या खिडकीशी जातो, जीभ दाखवतो, काकांनी मान हलवली की मग माझ्याकडे येतो. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. तसा मला बहुतेक गोष्टींचा येतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामालाच असतो, त्याला बोलावणं धाडावं लागत नाही.

काका उंचीनं बेताचे, अंगानं काटक, आणि इतके अबोल की त्यांच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागावा. दवाखान्यात ते मला ‘डॉक्टर, तुम्ही’ म्हणत आणि दवाखान्याची पायरी उतरली की ‘बाळ, तू’. यात बावीस वर्षांत कधी गफलत झाली नाही. माझी पन्नाशी उलटली तरी पायरीखाली मी बाळच.

त्यांचं खरं काम पुड्यांचं. आता सगळी औषधं कारखान्यातून चकचकीत पट्ट्यांमधून येतात, पण आमच्याकडे काही औषधं अजूनही खलात घोटून कागदाच्या पुड्यांत देतात, आणि काही म्हाताऱ्या पेशंटांना पुडीशिवाय गुणच येत नाही. काका टेबलावर बारा कागद ओळीनं मांडत आणि खलातली पावडर चपट्या सुरीनं बारा ठिकाणी वाटत. वडील फरक शोधायला मुद्दाम त्यातल्या दोन पुड्या उचलून तराजूत घालत, आणि दर वेळी हरत.

आमच्या पुड्या दोन प्रकारच्या. एक साधी, आणि एक कानाची. या कानाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी शाळेत असताना एका बाईंनी जखम धुवायची पावडर पोटात घ्यायची समजून पाण्यातून पिऊन टाकली. बाई वाचल्या, पण काकांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. वडील समजूत घालायला त्यांच्या घरी गेले, सोबत मी. वडील म्हणत होते, “अहो, तुम्ही वर लेबल लावलं होतं. तुमची काय चूक?” तेवढ्यात आतून काकू आल्या.

“लेबल वाचायला चष्मा लागतो, दिवा लागतो, आणि मुळात वाचता यावं लागतं,” त्या म्हणाल्या. “बोटांना कळलं पाहिजे.” आणि तिथल्या तिथे त्यांनी एक पुडी घेतली, तिचा एक कोपरा बाहेर ओढून उभा दुमडला. मांजराच्या कानासारखा. “कान लागला हाताला की तोंडात घालायचं नाही. संपलं.”

तेव्हापासून धोक्याच्या औषधाच्या पुडीला कान काढायचा हा आमच्या दवाखान्याचा नियम झाला. लोकांनाही तो पाठ झाला. आमच्या भागातली पोरं अक्षरओळख व्हायच्या आधी कान ओळखायला शिकली.

काकू दवाखान्यात कधी कामाला नव्हत्या, पण तापाची साथ आली की कागदांचे गठ्ठे काकांच्या घरी जात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसून पुड्या बांधत. काकू डावखुऱ्या. त्यामुळे काकांच्या पुडीचा कान उजवीकडे झुकायचा आणि काकूंच्या पुडीचा डावीकडे. वडील एकेक पुडी उचलून म्हणत, “ही दवाखान्यातली, ही घरची.” काकांची एखादी घडी चुकली तर काकू ती उलगडून नीट करून ठेवत, आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. हे विशेष, कारण एरवी त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी त्यांना सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत चार गल्ल्या फिरून आपल्यालाच ऐकायला मिळायची.

अशा बाईचा श्वास तोंडातल्या वाक्याला पुरेना झाला, तेव्हा आधी कुणाला खरंच वाटलं नाही. बोलता बोलता थांबायच्या, उरलेलं वाक्य हातवाऱ्यांनी पुरं करायच्या. फुप्फुसं हळूहळू आकसत जाण्याचा आजार. मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांनी दोन वर्षं सांगितली, जमलं तर तीन. घरी प्राणवायूचं यंत्र आलं, नाकाशी नळी आली, आणि बैठकीच्या खोलीत खिडकीशी पलंग आला. काकूंनी ते सगळं सोसलं. एका गोष्टीला मात्र त्या मनापासून घाबरत होत्या, आणि ती मरण नव्हती.

त्यांची थोरली बहीण अशाच दुखण्यानं इस्पितळात वारली होती. अडतीस दिवस घशात नळी. ती ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. काकू रोज काचेपलीकडून बघायच्या. “बोलता येत नव्हतं,” त्या मला सांगत, “पण डोळ्यांनी शिव्या देत होती मला. म्हणत होती, मेले, बघतेस काय, सोडव.”

एके दिवशी दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळी काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. पेशंटच्या स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत त्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

“ती वचन मागतेय,” ते म्हणाले.

“कसलं?”

“तिची बहीण गेली तशी वेळ आली तर तिला मोकळं करायचं. म्हणते, तुमच्याकडे काळ्या कपाटाची किल्ली आहे, तुमचे हात आहेत. तीन आठवडे मागतेय. मला ‘नाही’ म्हणवत नाही, डॉक्टर. म्हणून तुम्हाला विचारतो. असं काही करता येतं का?”

काळं कपाट म्हणजे जपून वापरायच्या औषधांचं. त्याची किल्ली वडिलांनी काकांच्या हवाली केली होती आणि मी ती कधी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. आधी खूप बोलले. कायदा काय सांगतो, दवाखान्याला टाळं लागेल, तुम्ही तुरुंगात जाल, वडिलांचं नाव धुळीला मिळेल. काका खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी करतो असं कुठे म्हटलं होतं? विश्वासानं विचारायला आले होते. पण मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. शेवटी हात पुढे करून म्हणाले, “किल्ली द्या.”

त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. कडं घट्ट होतं, नख उलटलं. मी बघत राहिले. किल्ली टेबलावर ठेवून ते उठले, आणि त्या दिवसापासून पायरीखालीही मला ‘तुम्ही’ म्हणू लागले. एवढी सणसणीत चपराक मला आयुष्यात कुणी मारलेली नाही.

संध्याकाळी मी तणतणत काकूंकडे गेले. म्हटलं, भांडायचं तर मुळाशी भांडावं. काकू उशांना टेकून बसल्या होत्या.

“आलीस? किल्ली काढून घेतलीस म्हणे.”

“तुम्ही त्यांना काय करायला सांगताय ते कळतंय का तुम्हाला?”

“मला दम लागतो, गं. अक्कल शाबूत आहे. बस.”

बसले. आमच्या कायद्याप्रमाणे माणूस यंत्र नको म्हणू शकतो, नळी नको, इस्पितळ नको म्हणू शकतो. तसं शुद्धीत असताना साक्षीदारांसमोर लिहून ठेवू शकतो. विष मात्र मागू शकत नाही, आणि मागितलं तर कुणी देऊ शकत नाही. हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तू मला मरू देणार, पण मारणार नाहीस.”

“बरोबर.”

“म्हणजे गाडी उताराला लागलीय. तू ब्रेक लावणार नाहीस, पण ढकलणारही नाहीस.”

“हो.”

“आणि गाडीत बसलेलीनं काय करायचं? बाहेरची झाडं मोजायची?”

मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. मग खरं तेच सांगितलं. “काकू, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचं चुकतंय असंही मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ज्या हातानं मी औषध देते त्या हातानं मला ते जमणार नाही. उद्या एखादा म्हातारा माझ्याकडून पुडी घेताना मनात म्हणाला, ही कसली पुडी आहे, तर संपलंच. तुम्ही काढलेल्या कानावर आमचा दवाखाना चाललाय.”

काकूंनी नाकाशी नळी नीट केली. मग म्हणाल्या, “बरं. तुझा तो कागद आण. पण कागदाला हात नसतात. ऐनवेळी कुणी वाचलाच नाही तर?”

“मी वाचेन. ओरडून वाचेन.”

“ओरडशील ते खरं,” त्या म्हणाल्या.

कागद झाला. घुसमट कमी करणारे थेंब मी सुरू केले. ते आधीच करायला हवे होते. तज्ज्ञांनी सुचवलंही होतं, पण कडक औषध म्हणून मी चालढकल करत होते. काकूंच्या मागणीनं मला जागं केलं, हे कबूल करते.

इकडे काका दवाखान्यात वेगळंच काहीतरी करत होते. कधी नव्हे ते पेशंटांशी बोलत होते. खिडकीतून औषध देताना हळूच म्हणायचे, “एका माणसाचा प्रश्न आहे,” आणि नाव न घेता सगळं सांगायचे. मग काय, बाकांवर सभाच भरायची. एक निवृत्त पोस्टमन तावातावानं म्हणाले, “माझ्या कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरनं सुई दिली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांत गेला. मी काय कुत्र्याहून गेलो?” त्यावर शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, “कुत्र्यानं मागितली होती का?” मग कोपऱ्यातून आमचा शिंपी बोलला. त्याचे पाय लहानपणीच गेलेले, चाकांच्या खुर्चीत बसून हाताच्या मशीनवर कपडे शिवतो.

“तुम्ही ते दार एकदा उघडं ठेवलंत ना,” तो म्हणाला, “की मला रोज कुणीतरी विचारणार, तू अजून आतच का? तोंडानं नाही विचारणार, नजरेनं विचारणार. माझी भावजय आत्ताच विचारते.”

लोक हसले. तोही हसला. काका हसले नाहीत. आतल्या खोलीत मी स्टेथोस्कोप कानाला लावून पेशंटचं नाही, बाहेरचंच ऐकत होते. पोस्टमनचं पटत होतं, शिंप्याचंही पटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं पटतं याचा मला संताप येत होता.

पंधरा-वीस दिवसांनी काकू एकदम टवटवीत दिसायला लागल्या. श्वास तसाच तोकडा, पण चेहऱ्यावरची भीती गेली. त्यांनी मला खिडकीतल्या कुंड्यांची जागा बदलायला लावली, माझ्या साडीच्या रंगाला नावं ठेवली, शेजारच्या लग्नाची बातमी दोन दमांत सांगितली. मी मनात म्हटलं, थेंबांची किमया. स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझी हवा काढून घेतली. दवाखाना रिकामा झाल्यावर खिडकीपाशीच उभं राहून म्हणाले, “मी तिला पुडी दिली.”

किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती, तरी मी उठून ड्रॉवर उघडून बघितला.

“ग्लुकोज आहे,” काका म्हणाले. “बारीक घोटलं. बांधून दिलं. म्हणालो, लागेल तेव्हाच. तिनं केसांच्या पिनांच्या डबीत ठेवली, डबी उशीखाली. त्या दिवसापासून ती झोपते.”

मी ड्रॉवर बंद केला. म्हटलं, “काका, तुम्ही तर अर्धे नाही, दीड डॉक्टर आहात. उत्तम केलंत.”

“उत्तम?” त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशी चढला. “पन्नास वर्षं पुड्या बांधतोय मी. आत एक आणि सांगितलं दुसरं, असं कधी केलं नाही. पेशंटशी नाही केलं ते बायकोशी केलं. उद्या तिचा जीव गुदमरला आणि तिनं ती पुडी उघडली, तर तिला काय कळेल? दार नाही, आणि नवराही नाही. दोन्ही एकदम कळेल, आणि बोलायला श्वास नसेल. तिच्या बहिणीनं तिच्याकडे बघितलं, तशी ती माझ्याकडे बघेल.”

मी म्हटलं, मग खरं सांगून टाका. म्हणाले, सांगितलं तर तिची झोप जाईल. मी म्हटलं, मग गप्प बसा. म्हणाले, मग माझी जाते. सांगितलं तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत. मग मी अडले की करते तेच केलं. म्हटलं, “जा घरी, उशीर झालाय.”

त्यानंतर वर्षभर हा माणूस झिजत गेला. काकू गमती करत, आणि काका त्यांच्या उशीकडे बघत. लोकांना वाटायचं, बायकोच्या काळजीनं खंगलाय. काकू तर उघड म्हणायच्या, “मला कसली भीती? यांची पुडी आहे ना माझ्याजवळ!” माझ्यासमोर म्हणायच्या, मला डोळा घालून, जणू मला चिडवायला. काका ते ऐकून पाणी प्यायला आत जात.

मग ती दुपार आली. त्यांची लेक परगावाहून महिनाभर राहायला आली होती. पोरगी गुणी, पण त्या कागदावर तिचा राग. “तुम्ही सगळ्यांनी मिळून आईला वाऱ्यावर सोडलंय,” असं ती मला तोंडावर म्हणाली होती. काकांचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटचं बोट शिवत होते. शेवटचा टाका घालून धावले. घरात शिरले तो काकू पुढे वाकून बसलेल्या, ओठ निळसर, खांदे वरखाली. लेक फोन हातात घेऊन रडत होती, “इस्पितळात नेऊ या, गाडी बोलावते, यांना काही करायचं नाहीये!” आणि काका भिंतीला पाठ लावून उभे, नजर उशीवर.

काकूंचा हात उशीखाली गेला.

काकांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. देव करो आणि तसा चेहरा मला पुन्हा दिसू नये. काकूंनी डबी काढली, उघडली, आत चाचपडलं. एक पिन काढली. कपाळावर घामानं चिकटलेली बट मागे सारून ती पिन त्यात खोचली, डबी बंद करून उशीखाली सरकवली, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “थेंब. दे.”

मी जिभेखाली थेंब दिले. लेकीच्या हातात पंखा दिला, म्हटलं, “तोंडावर वारा घाल, हात थांबवू नकोस. फोन नंतर.” ती रडत रडत घालू लागली. काकूंनी दुसरा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं तसंच. मग खांदे खाली आले. आणखी दहा मिनिटांनी ओठांना रंग आला. मग काकू म्हणाल्या, “एवढा जोरात… नको. वादळ… आलंय.” लेक हसली आणि तिथेच जमिनीवर बसली. मी निघाले तेव्हा दारात मला म्हणाली, “मला वाटलं होतं, काही करायचं नाही म्हणजे काहीच करायचं नाही.” मी म्हटलं, “मलाही आधी तसंच वाटत होतं.”

त्यानंतर काकू सात आठवडे होत्या. गेल्या त्या एका साध्या सकाळी, नऊच्या सुमाराला. काका वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. कुठल्याशा पुलाची बातमी होती. काकू म्हणाल्या, “पुढचं वाचा.” काकांनी पुढचं वाचलं, मान वर केली, तोवर त्या गेल्या होत्या. नळी नाही, पट्ट्या नाहीत, हात मोकळे. मी पोचले तेव्हा वर्तमानपत्र काकांच्या मांडीवर तसंच होतं. मी नाडी बघितली आणि मला रडू आलं, पण खरं सांगते, त्या रडण्यात निम्म्याहून जास्त सुटका होती. काकूंना हवं होतं तसं झालं होतं, आणि कुणाला काही करावं लागलं नव्हतं.

बारा-तेरा दिवसांनी काका कामावर आले. सकाळचे पेशंट अजून यायचे होते. त्यांनी खिशातून पिनांची डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“तुमच्यासमोर फेकायची आहे,” ते म्हणाले. “मी एकटा फेकली तर पुरावा नष्ट केल्यासारखं वाटेल. तिनं उघडली नाही. फसवलेलं तिला कळलं नाही. पण मी फसवलं ते फसवलंच. हे कुणीतरी ऐकून घ्या.”

“ऐकलं,” मी म्हटलं. “आता फेका.”

त्यांनी डबीचं झाकण काढलं. आत काळ्या पिना आणि त्यांच्यामध्ये पुडी. त्यांनी ती उचलली, आणि त्यांचं बोट मध्येच थांबलं. पुडीचा एक कोपरा उभा दुमडलेला होता. कान.

“काका, ठेवा खाली!” मी ओरडले. कान म्हटलं की तोंडात घालायचं नाही, हाताळायचं जपून, हे माझ्या हाडीमांसी भिनलेलं. क्षणभर मनात भलतंसलतं येऊन गेलं. काकूंनी कुठून दुसरंच काही मिळवलं होतं की काय?

काकांनी पुडी खाली ठेवली नाही. ती डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट केली.

“मी कान काढला नव्हता,” ते सावकाश म्हणाले. “ग्लुकोज होतं ना आत. ग्लुकोजला कसा काढणार कान? हातानं काढलाच नाही. माझ्या ध्यानातही आलं नाही.” मग कानावरून बोट फिरवून, “हा डावीकडचा आहे.”

मी बघितलं. कान डावीकडे झुकलेला होता.

मला कळायला थोडा वेळ लागला. मी अर्धीही डॉक्टर नाही ती अशी. काकांनी बायकोच्या हातात विष म्हणून साधी पुडी दिली होती. कान ज्या बाईनं शोधून काढला, तिच्याच हातात. पहिल्याच दिवशी, पुडी बोटांत धरताक्षणी काकूंना कळलं होतं. आणि ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांनी ते वर्षभराहून जास्त पोटात ठेवलं. नवऱ्याला कधी आपली चूक आठवली आणि त्यानं गुपचूप डबी उघडून पाहिली, तर त्याला वाटावं की आपण कान काढला होता, हिला काही कळलेलं नाही. म्हणून त्यांनी स्वतःच काढून ठेवला. फक्त डावखुऱ्या हाताला उजवा कान काही जमला नाही.

काकांनी पुडी उलगडली. आतली पांढरी पावडर बोटाच्या टोकावर घेतली आणि मी थांबवायच्या आत जिभेला लावली.

“गोड आहे,” ते म्हणाले.

मग ते पेशंटच्या स्टुलावर बसले आणि रडले. मोठ्यानं, नाक ओढत, तोंड न झाकता. चिमट्यानं शब्द काढावा लागणारा माणूस रडत रडत एकसारखा बोलत होता. “चुकलेली घडी नीट करून ठेवली बघ. बोलली नाही. कधीच बोलायची नाही. उशीखाली हात गेला तेव्हा मी मेलो होतो गं, आणि तिनं पिन काढली. तिला ठाऊक होतं. म्हणून थेंब मागितले. पुडी आहे ना, पुडी आहे ना, म्हणायची, ते माझ्यासाठी म्हणायची. मला वाटायचं, मी तिला झोपवतोय…”

मीही रडत होते. काकूंना खरी पुडी हवीच होती का, आणि हवी असताना ती न देणं बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. पोस्टमन भेटला की एक वाटतं, शिंपी भेटला की दुसरं. पण काकांचे खांदे त्या स्टुलावर खाली आले ते मी पाहिलं. वर्षभरानं त्या माणसाचा जीव भांड्यात पडला होता.

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. काकूंच्याच घड्यांवरून पुडी पुन्हा बांधली, कानासकट, आणि डबीत ठेवली. फेकायचं नाव काढलं नाही. बाहेर बाकावर कुणीतरी येऊन खोकलं.

मी ड्रॉवर उघडला आणि काळ्या कपाटाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. माफी मागायची होती, पण मला ते धड जमत नाही. एवढंच म्हटलं, “कडं घट्ट आहे. नख सांभाळा.”

काकांनी किल्ली घेतली. “बाळ,” ते म्हणाले, दवाखान्यात, माझ्या टेबलासमोर, “डोळे पूस आधी. पेशंट आलाय.” आणि खिडकीशी जाऊन त्याला म्हणाले, “हं, जीभ दाखवा.”